गंगाजळी

सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल हा एक वाङ्मयप्रकार आहे, असे म्हटले तर आमचे साहित्यिक मित्र हसतात. परंतु वर्षानुवर्षे हे अहवाल वाचल्यानंतर आमचे मत पक्के होत गेले आहे. त्याचा आकृतिबंध ओवी-अभंगाइतका ठरलेला असतो. मुखपृष्ठावर संस्थापकांचे छायाचित्र, पहिल्या पानावर सभेची सूचना, तिच्याखाली बारीक टाइपात तळटीप, मग 'सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो' हे संबोधन. आणि 'अहवाल सालातील' कामकाजाकडे वळण्यापूर्वी किंवा ते संपल्यावर, वर्षभरात दिवंगत झालेल्या ज्ञात-अज्ञात सभासदांना वाहिलेली श्रद्धांजली. आकड्यांच्या मजकुरात मृतांचे स्मरण करणारा दुसरा आर्थिक दस्तऐवज आमच्या पाहण्यात नाही. शेअर बाजारात उतरणाऱ्या कंपनीचे माहितीपत्रक शेकडो पानांचे असते, त्यात जोखमींची यादी असते, खटल्यांची यादी असते. पण शोक नसतो. कंपनीला भागधारक असतात. त्यांतला एखादा गेला तर त्याच्या जागी दुसरे नाव येते. सहकारी बँकेला सभासद असतात, आणि सभासद मरतो.

याच अहवालात एक शब्द भेटतो: गंगाजळी. राखीव निधीला मराठीने दिलेले हे नाव. काशीयात्रा करून आलेल्या माणसाने आणलेला, तोंड बंद केलेला गंगेच्या पाण्याचा गडू देवघरात ठेवलेला असे. तो रोजच्या तहानेसाठी नसे, अखेरच्या क्षणी तोंडात दोन थेंब घालण्यासाठी असे. एरवी न उघडण्याचे, संकटकाळासाठी राखून ठेवण्याचे धन म्हणजे गंगाजळी. सहकाराच्या कायद्याचा विचार करताना हा शब्द किती नेमका आहे हे आम्हांला उशिरा उमगले, आणि प्रस्तुत टिपण त्याच उमगण्याविषयी आहे.

आमच्याजवळ दोन प्रकारचे शेअर आहेत. एक प्रकार डीमॅट खात्यात. त्यांना कागद नाही, पण दर क्षणाला बदलणारा भाव आहे. दुसरा प्रकार पनवेलच्या एका सहकारी बँकेचा. त्याला जाड कागदाचा दाखला आहे, अध्यक्ष आणि व्यवस्थापकांच्या सह्या आहेत, पण भाव नाही. हे दुसरे शेअर आम्ही हौसेने घेतले नव्हते. घरासाठी कर्ज घेतले तेव्हा कर्जाच्या रकमेच्या अडीच टक्के रक्कम शेअरसाठी वळती झाली. तारण कर्जाला अडीच टक्के आणि विनातारण कर्जाला पाच टक्के, असा तो हिशेब. नागरी बँकांच्या बहुसंख्य सभासदांचे सभासदत्व असे कर्जाच्या पोटी जन्मते. हप्ते फिटले, तारण मोकळे झाले, शेअर मात्र राहिले. दहा रुपयांचा शेअर दहा रुपयांचाच राहिला.

दोन्ही वस्तूंना 'शेअर' हा एकच शब्द वापरण्याची आपल्याला सवय झाली आहे. इंग्रजीतल्या त्या शब्दाच्या मुळाशी कापणे, कातरणे आहे. मराठीत त्यासाठी 'भाग' हा शब्द आला तो 'भज्' या धातूपासून. त्याच धातूपासून भाग्य, भक्ती, विभक्त आणि व्याकरणातली विभक्तीही आली. वाटून घेणे आणि वाटेकरी होऊन त्यात मिसळणे, हे दोन्ही अर्थ त्या धातूत नांदतात. डीमॅटमधला शेअर पहिल्या अर्थाचा आहे, सहकारी बँकेतला दुसऱ्या.

कायदा पाहिला म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० नुसार सभासदाला एकच मत असते, मग त्याचे शेअर दहा असोत वा दहा हजार. लाभांशावर १५ टक्क्यांची मर्यादा आहे. नफ्याचा किमान चौथा हिस्सा दरवर्षी राखीव निधीत टाकावा लागतो. सभासद बाहेर पडला तर त्याला त्याच्या शेअरची दर्शनी किंमत मिळते, साठलेल्या निधीतला वाटा मिळत नाही. याहून लक्षणीय तरतूद कलम ११० मध्ये आहे: संस्था गुंडाळली गेली आणि सर्व देणी भागवून काही शिल्लक उरली, तर ती राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय सभासदांत वाटता येत नाही, एरवी ती पोटनियमांत सांगितलेल्या किंवा सार्वजनिक उपयोगाच्या हेतूकडे जाऊ शकते. म्हणजे गडू शेवटच्या क्षणी उघडला, तरी त्यातले पाणी वारसांनी आपल्या मर्जीने वाटून घ्यायचे नाही.

या निधीचा मालक मग कोण? या प्रश्नाला अमेरिकेने एक वेगळे उत्तर दिले, आणि गुंतवणुकीच्या जगात ते बरेच प्रसिद्ध आहे. तिकडे १८१६ साली फिलाडेल्फिया आणि बोस्टन येथे बचत बँका निघाल्या. त्यांना भागधारक नव्हतेच; मजूर, मोलकरणी, छोटे कारागीर यांनी ठेवी ठेवाव्यात, बँकेने त्या सांभाळाव्यात, उरलेला नफा बँकेतच साठावा, अशी रचना होती. आपल्याकडच्या सहकारी बँकेची ती दूरची बहीण. दीडशेहून अधिक वर्षे अशी साठवण झाल्यावर, विशेषतः १९८०च्या दशकापासून, यांतल्या अनेक बँकांनी भागभांडवल विकून कंपनीचे रूप घेतले. या रूपांतराचे गणित सेथ क्लार्मन यांनी १९९१च्या 'मार्जिन ऑफ सेफ्टी'मध्ये आणि पीटर लिंच यांनी १९९३च्या 'बीटिंग द स्ट्रीट'मध्ये समजावून सांगितले आहे. आपल्या आकड्यांत मांडायचे तर असे. एका बँकेची गंगाजळी १० कोटी रुपयांची आहे. ती १० रुपयांचा एक, असे एक कोटी शेअर विकते आणि १० कोटी रुपये उभे करते. हे पैसे कोणा जुन्या मालकाच्या खिशात जात नाहीत, कारण जुना मालक नाहीच. ते बँकेतच येतात. आता बँकेकडे २० कोटी आहेत आणि शेअर एक कोटी. ज्याने १० रुपये दिले त्याच्या शेअरमागे २० रुपये उभे आहेत. त्याने आपलेच पैसे विकत घेतले आणि वर तेवढेच फुकट मिळवले, असे हे अजब गणित आहे. असे शेअर घेण्याचा पहिला हक्क त्या बँकेच्या ठेवीदारांचा असतो. म्हणून गावोगावच्या बचत बँकांत थोडी थोडी ठेव ठेवून रूपांतराची वाट पाहत बसणारे गुंतवणूकदारही निर्माण झाले.

गणित निर्दोष आहे. आमचे लक्ष मात्र त्या दुसऱ्या १० रुपयांकडे जाते. ते कोणाचे? ज्यांनी थोडे कमी व्याज घेतले, थोड्या चढ्या दराने कर्ज फेडले, आणि जे अहवालातल्या ज्ञात-अज्ञात सभासदांत केव्हाच जमा झाले, त्या सगळ्यांचे. रूपांतराच्या दिवशी रांगेत उभा असलेला ठेवीदार त्यांचा वारस ठरतो, तो केवळ त्या दिवशी हजर होता म्हणून.

ब्रिटनमध्ये हाच प्रयोग घरबांधणी-बचत संस्थांवर झाला. ॲबी नॅशनल १९८९ साली, हॅलिफॅक्स आणि नॉर्दर्न रॉक १९९७ साली कंपन्या झाल्या. तिथे तर सभासदांना शेअर फुकट मिळाले, आणि ते मिळावेत म्हणून नव्या खात्यांची झुंबड उडाली. नेशनवाइड ही संस्था मात्र सहकारीच राहिली. तिने १९९७ पासून नव्या सभासदांकडून असे लिहून घेतले की उद्या रूपांतर झालेच तर त्यातून मिळणारे धन धर्मादाय कार्याला जाईल. आमच्या कलम ११०चा हा विलायती भाऊ. पुढे काय झाले? ॲबी नॅशनल २००४ साली स्पेनच्या सांतांदेर बँकेकडे गेली. २००७च्या सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न रॉकच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या आणि २००८च्या फेब्रुवारीत ती सरकारने ताब्यात घेतली. कंपनी झालेल्या त्या संस्थांपैकी एकही आज स्वतंत्र बँक म्हणून उरलेली नाही. नेशनवाइड आहे.

आपल्याकडे अशा रूपांतराचे सर्वांत मोठे उदाहरण बँकेचे नाही, खुद्द मुंबई शेअर बाजाराचे आहे, ही गंमत सहसा लक्षात येत नाही. १८७५ साली स्थापन झालेला हा बाजार दलालांची मंडळी होता. सदस्य हेच मालक, सदस्य हेच व्यापारी आणि सदस्य हेच नियम करणारे. इतरांच्या शेअरला भाव लावणाऱ्या या संस्थेला स्वतःचा शेअर नव्हता. २००१च्या घोटाळ्यानंतर हे तिहेरी नाते अडचणीचे ठरले. २००५ साली बाजाराची कंपनी झाली. आणि २०१७च्या जानेवारीत तिचे शेअर ८०६ रुपयांना लोकांना विकले गेले. ३ फेब्रुवारी २०१७ रोजी त्यांची नोंदणी झाली ती प्रतिस्पर्धी राष्ट्रीय शेअर बाजारात, कारण स्वतःच्या फळ्यावर स्वतःचे नाव लिहिण्याची मुभा नव्हती. पहिल्याच दिवशी भाव हजाराच्या पुढे गेला. थोडे शेअर आमच्याही वाट्याला आले होते. येथे एक फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे: अमेरिकी बचत बँकेत विक्रीचा पैसा बँकेत राही, या विक्रीत तो संपूर्णपणे शेअर विकणाऱ्या जुन्या भागधारकांकडे गेला, संस्थेकडे एक रुपयाही आला नाही. रूपांतर हा एकच शब्द. पण गडू कोणी उघडला आणि पाणी कोणाच्या ओंजळीत पडले, हे प्रत्येक वेळी निराळे पाहावे लागते.

हा सगळा विचार परदेशापुरता किंवा दलाल स्ट्रीटपुरता राहिला असता, तर आम्ही लिहिते झालो नसतो. परंतु रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांना स्वेच्छेने लघुवित्त बँक होण्याचा मार्ग खुला केला. ५० कोटींचे नक्त मूल्य आणि ९ टक्के भांडवल पर्याप्तता ही त्याची उंबरठ्यावरची अट. उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरची शिवालिक मर्कंटाइल सहकारी बँक या वाटेने जाऊन एप्रिल २०२१ मध्ये देशातली पहिली अशी बँक झाली. दरम्यान २०२० साली बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन, रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने सहकारी बँकांना अधिमूल्य लावूनही शेअर विकण्याची मोकळीक मिळाली. म्हणजे दहा रुपयांच्या शेअरला कधी तरी भाव येऊ शकेल, ही कल्पना आता कायद्याच्या बाहेरची नाही. 'आपली बँकही कंपनी झाली तर?' हा प्रश्न आमच्या ओळखीच्या सभासदांत चहाच्या टेबलावर निघतो, आणि तो विचारताना डोळ्यांत जी चमक येते ती आम्ही ओळखतो. बाजाराचा शेअर हजारावर गेला त्या दिवशी आरशात ती आम्हांला दिसली होती.

ही चमक पनवेलमध्ये दिसावी याला इतिहास आहे. १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले, तेव्हा कुठे जमीन देणाऱ्याला विकसित जमिनीत साडेबारा टक्क्यांचा वाटा देण्याची गोष्ट पुढे आली. या भागात 'साडेबारा टक्के' हे शब्द उच्चारले की पुढे 'कशाचे' हे सांगावे लागत नाही. भाताच्या खाचरांचे भूखंड झाले, भूखंडांचे पैसे झाले, आणि पैशाला बँक लागली. मोठ्या बँकेच्या काउंटरवर परके वाटणाऱ्या माणसाला गावची बँक आपली वाटली. तिथला कारकून ओळखीचा, तिथले फॉर्म मराठीत, संचालक लग्नाला येणारे. हा विश्वास खोटा नव्हता. १८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी 'अन्योन्य सहकारी मंडळी' काढली तेव्हापासून सहकाराचे खरे भांडवल हीच ओळख होती.

आणि याच ओळखीची दुसरी बाजू या शहराने पाहिली. किल्ल्याचे नाव लावणाऱ्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. बँकेकडे पुरेसे भांडवल नाही आणि कमाईची शक्यताही नाही, असे कारण देण्यात आले. बनावट कर्जखात्यांतून सुमारे ५०० कोटी रुपये वळवले गेले, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. त्याचा निवाडा न्यायालये करतील. ठेवींवरचा विमा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेला होता, त्यामुळे ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल, असे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले. त्या निवेदनातला ९५ हा आकडा दिलासा देणारा आहे. पण पाच लाखांहून मोठी ठेव असलेल्या उरलेल्यांना विम्यापलीकडच्या रकमेसाठी अवसायकाच्या वसुलीकडे डोळे लावावे लागतात. आणि विमा ठेवीला असतो, शेअरला नसतो. सभासद म्हणून दिलेला रुपया सर्वांत शेवटी उभा असतो.

येथे आम्हांला आमच्याच युक्तिवादाची उलट तपासणी करावी लागते. गंगाजळी कोणाच्याही मालकीची नाही, म्हणून ती पवित्र आहे, असे आम्ही वर सुचवले. पण कोणाच्याही मालकीची नाही, म्हणूनच ती राखणारेही कोणी नाही, असेही घडते. बंद गडूच्या आत पाणी आहे की नाही, हे गडू पाहून कळत नाही. डीमॅटमधला शेअर रोज बोलतो. कंपनीत काही बिनसले तर आधी कुजबुज होते, भाव पाच टक्के पडतो, मग दहा. ज्याला कारण ठाऊक नाही त्यालाही काहीतरी झाले आहे एवढे कळते. सहकारी बँकेचा दहा रुपयांचा शेअर मात्र पहिल्या दिवशी दहा रुपयांचा असतो, दहाव्या वर्षी दहा रुपयांचा असतो, आणि दाराला कुलूप लागण्याच्या आदल्या संध्याकाळीही दहा रुपयांचाच असतो. ज्याला भाव नाही त्याला आवाजही नाही.

साहित्याच्या भाषेत सांगायचे तर भाव ही एक प्रकारची समीक्षा आहे. ती उथळ असते, लहरी असते, टोळीने चालते, चांगल्याला पाडते आणि भिकार पुस्तकाच्या आवृत्त्या काढते. तिच्या निकालावर विसंबणारा फसतो. तरी ती असते. सहकाराने भाव नाकारला तो विचारपूर्वक. सभासदाला विक्रेता होऊ द्यायचे नव्हते, आणि सट्टेबाजाला दारात येऊ द्यायचे नव्हते. पण समीक्षा नाकारलेली नव्हती. ती दुसऱ्या कोणाकडे सोपवली होती. ती सोपवली होती सर्वसाधारण सभेकडे.

आता ती बारीक टाइपातली तळटीप वाचावी. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेतली जाईल आणि तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही, अशा आशयाचे वाक्य तिथे असते. ते इतके सवयीचे झाले आहे की कोणी थांबून वाचत नाही. त्याचा अर्थ असा की समीक्षक येणार नाहीत हे संस्थेने आधीच धरून चाललेले आहे. आम्ही या सभांना जातो. हजारो सभासदांच्या बँकेत सभागृहाच्या मागच्या रांगा रिकाम्या असतात. विषय क्रमांक एक, मंजूर. विषय क्रमांक दोन, मंजूर. लाभांश किती, यावर थोडी हालचाल होते. मग अल्पोपाहार.

'सभासद' या शब्दाने मराठीच्या विद्यार्थ्याला आधी बखर आठवते. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवचरित्र लिहिणारे कृष्णाजी अनंत सभासद. सभेत बसणारा तो सभासद. आणि जो सभेत बसला त्यानेच काय घडले ते लिहून ठेवले. बसणे आणि वृत्तान्त सांगणे, ही दोन्ही कामे त्या शब्दात आहेत. भागधारक या शब्दात ती नाहीत. त्याचे काम धरून ठेवणे आणि वेळ येताच सोडणे. म्हणून बाजारात पैसे गुंतवताना आम्ही निःसंकोचपणे भागधारक असतो. भाव पाहतो, ताळेबंद वाचतो, पटले नाही तर विकतो, आणि त्यात कोणाचाही विश्वासघात होत नाही, कारण तसा करारच नसतो. उद्या आमच्या बँकेने शेअर अधिमूल्याने विकायला काढले, तर आम्ही ते घ्यायलाही तयार आहोत. त्या पैशाने बँकेचे भांडवल वाढेल. परंतु जुन्या गंगाजळीचा वाटा आमच्या पदरात पडेल अशा रूपांतराला आमचे एक मत विरोधात पडेल. ते पाणी आम्ही भरलेले नाही.

मात्र एवढा नकार देऊन सुटका होत नाही. भाव नको असेल, तर भाव जे काम करतो ते कोणीतरी केले पाहिजे. वर्षाला अहवालाची चाळीस-पन्नास पाने वाचणे, हे साहित्याच्या शिक्षकाला अवघड वाटू नये. त्याने याहून दुर्बोध मजकूर वाचलेला असतो. ढोबळ अनुत्पादक कर्जे किती आणि नक्त किती. भांडवल पर्याप्तता गेल्या वर्षीपेक्षा चढली की उतरली. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जे कोणत्या पानावर दाखवली आहेत. लेखापरीक्षकाने आपल्या अभिप्रायात कोणते वाक्य 'तथापि'ने सुरू केले आहे. यंदाच्या सभेची सूचना आली आहे. वर सांगितलेले चार प्रश्न सभेपूर्वी लेखी कळवावे लागतात; ते आम्ही लिहून ठेवले आहेत. सभा सकाळी दहाला आहे. गणसंख्या पूर्ण झाली नाही, तर साडेदहाला.